लष्करी ट्रक मागच्या लढाईत जिथे अडकला, तिथून पुढे बनतो

प्रश्न असा आहे: लष्कराचा ट्रक बाजारातल्या ट्रकपेक्षा इतका उंच, जड आणि तेलपिता का असतो? तेवढ्याच आकाराचा साधा ट्रक जवळजवळ दुप्पट माल नेतो, मग त्यालाच हिरवा रंग का देत नाहीत? आणि इतक्या दशकांत या गाड्यांमध्ये खरोखर काय बदललं?

मी बावीस वर्षं लष्करी गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये काढली, त्यातली निम्मी गाडीखाली उताणा पडून. तेव्हा हे उत्तर खालून वर बघणाऱ्याचं आहे.

रंगाचं आधी सांगतो. साध्या ट्रकला हिरवा रंग देतात की! डेपो ते डेपो, पक्क्या रस्त्यावर माल न्यायला जवळजवळ प्रत्येक सैन्य साधे व्यापारी ट्रक वापरतं, आणि ते शहाणपणाचंच आहे. टॅक्टिकल ट्रक म्हणतात तो त्याच्या पुढच्या टप्प्याचा. रस्ता संपतो तिथून तोफेपर्यंत जाणारा. त्याच्या क्षमतेचे म्हणूनच दोन आकडे असतात. अमेरिकी मरीन कोरचा एमटीव्हीआर कच्च्यात ७.१ टन नेतो आणि पक्क्या रस्त्यावर १५ टन. जुना प्रसिद्ध ‘अडीच टनी’ एम-३५ रस्त्यावर पाच टन उचलायचा. म्हणजे तुमचा दुप्पट मालाचा हिशेब बरोबर आहे. लष्करी ट्रकही तेवढा नेतो, फक्त खाली रस्ता हवा. नावात मात्र कच्च्यातला आकडा लावायची पद्धत, त्यामुळे बाहेरच्याला गाडी दुबळी वाटते.

आता काय बदललं ते. माझ्या मते ही सरळ प्रगतीची गोष्ट नाही. मागच्या लढाईत गाडी जिथे बसली, तिथला इलाज पुढच्या मॉडेलवर चढला, आणि त्या इलाजाचं वजनही गाडीनेच वाहिलं.

पहिल्या महायुद्धात, १९१६ मध्ये, फ्रान्समधल्या व्हर्दंची लढाई सुरू झाली तेव्हा फ्रेंचांची मुख्य रेल्वेलाइन तोफांच्या माऱ्यात सापडली होती. उरली एक छोटी लाइन आणि बार-ल-द्युकपासून व्हर्दंपर्यंतचा साधारण ७० किलोमीटरचा अरुंद रस्ता. त्या रस्त्यावर रात्रंदिवस ट्रक सोडले. ऐन गर्दीत दर १४ सेकंदांना एक गाडी जायची. बंद पडलेली गाडी तिथेच दुरुस्त करत बसायचं नाही, ढकलून कडेला टाकायची, असा नियम होता. टायर भरीव रबराचे, त्यामुळे रस्ता अक्षरशः दळला जायचा. मग कडेला माणसं उभी करून चालत्या गाड्यांच्या चाकांपुढे फावड्याने खडी टाकत राहायचे. रोलर फिरवायला रस्ता रिकामा करणं शक्यच नव्हतं, तेव्हा खडी दाबायचं कामही ट्रकच करत होते.

त्याच वर्षी मेक्सिकोच्या मोहिमेत अमेरिकनांनी जेफरी क्वाड नावाचा ट्रक नेला होता. त्याची चारही चाकं ओढायची आणि चारही वळायची. चिखलात तो त्या काळातल्या कुठल्याही गाडीला भारी होता. पण पुढे युरोपात जायची वेळ आली तेव्हा अमेरिकी सैन्याने स्वतःचा प्रमाणित ट्रक आखला, लिबर्टी. तो फक्त मागच्या चाकांवर चालायचा, वेग ताशी जेमतेम २५ किलोमीटर. त्याची खुबी वेगळीच होती. वेगवेगळ्या कंपन्यांनी तो एकाच नकाशावरून बनवला, त्यामुळे एका गाडीचा भाग दुसरीला बसायचा. असे नऊ हजारांहून जास्त तयार झाले. क्वाडकडे पकड होती, लिबर्टीकडे सुटे भाग. पुढच्या शंभर वर्षांचा सगळा वाद या दोन गाड्यांत आलेला आहे, आणि वर्कशॉपवाल्याला विचाराल तर तो डोळे मिटून लिबर्टीच्या बाजूने मत देईल.

दुसऱ्या महायुद्धात ते दिसलंच. जर्मनीत ट्रकांचे ११४ प्रकार होते. ते १९ वर आणायची योजना युद्धाच्या तोंडावर आखली गेली, पण तोवर उशीर झाला होता. त्यात जिंकलेल्या देशांच्या गाड्या मिसळल्या. १९४१ मध्ये रशियात शिरलेल्या सैन्याकडे सुमारे दोन हजार प्रकारची वाहनं होती. दोन हजार! स्टोअरमध्ये बसून ज्याने कधी वॉटर पंपाच्या चार वेगवेगळ्या गॅस्केटांचा हिशेब ठेवला आहे, त्याला या आकड्याने घाम फुटेल. ओपेल ब्लिट्झ ही उत्तम गाडी होती, पण तिच्या शेजारी फ्रेंच सित्रोएन उभी असली की एकीचा भाग दुसरीच्या कामाचा नाही.

अमेरिकेने उलट केलं. अडीच टनी, सहा चाकं ओढणारी, एकच मुख्य गाडी: जीएमसीची सीसीकेडब्ल्यू. ही अक्षरं म्हणजे कंपनीचा सरळ कोड आहे. पहिला सी म्हणजे १९४१ चं डिझाइन, दुसरा म्हणजे पुढे नाक असलेली नेहमीची केबिन, के म्हणजे पुढचा एक्सलही ओढणार, डब्ल्यू म्हणजे मागचे दोन्ही एक्सल चालते. साडेपाच लाखांहून जास्त गाड्या निघाल्या. युद्ध चालू असतानाच लोखंड वाचवायला हौदा लाकडी केला, पत्र्याची केबिन काढून कॅनव्हासची लावली. कॅनव्हास खाली घेतलं की उंची घटायची, त्यामुळे जहाजातली जागाही वाचायची. स्टुडबेकरही जवळजवळ तशीच गाडी बनवत होती, पण तिचं इंजिन वेगळं. म्हणून तिच्या बहुतेक गाड्या सोव्हिएत संघाला गेल्या, तिथे त्यांवर कात्युशा रॉकेटं चढली. स्वतःच्या स्टोअरमध्ये दुसरं इंजिन नको, हा विचार मला त्या युद्धातल्या मोठ्या निर्णयांइतकाच महत्त्वाचा वाटतो. अर्थात मी मेकॅनिक आहे, सेनापती नव्हे.

या गाड्यांची खरी परीक्षा १९४४ मध्ये फ्रान्समध्ये झाली. मित्रराष्ट्रांचं सैन्य नॉर्मंडीच्या किनाऱ्यावरून सुटलं ते इतक्या वेगाने, की पेट्रोल मागे राहिलं. रेल्वे त्यांनीच बॉम्ब टाकून मोडली होती. मग २५ ऑगस्ट ते १६ नोव्हेंबर ‘रेड बॉल एक्सप्रेस’ चालली. २९ ऑगस्टच्या एका दिवसात ५,९५८ गाड्यांनी १२,००० टनांहून जास्त माल हलवला. चारातले जवळजवळ तीन ड्रायव्हर कृष्णवर्णीय होते. अडीच टनी गाडीत पाच टन भरायचे. इंजिनाचा वेग बांधणारा गव्हर्नर ड्रायव्हर काढून ठेवायचे आणि तपासणीला परत बसवायचे. (हे वाचून मला हसू आलं. ऐंशी वर्षांत ड्रायव्हर बदललेला नाही.) गाड्या सर्वांत जास्त कशाने बसल्या? टायरने. जास्त लोड, जास्त वेग, आणि रस्त्यावर सैनिकांनी खाऊन फेकलेले रेशनचे पत्र्याचे डबे. त्यांच्या कडा टायर कापायच्या.

टायरपाशी मी जरा थांबतो, कारण माझ्या मते सगळी मेख तिथेच आहे.

रस्त्यावर जास्त वजन न्यायचं तर मागे जोडटायर चांगले. एक बसला तरी दुसऱ्यावर गाडी घरी येते. पण चिखलात हेच उलटतं. पुढचं चाक एकेरी, मागचं जोडीचं, म्हणजे पुढच्या चाकाने पाडलेल्या चाकोरीत मागचं बसत नाही, त्याला स्वतःची नवी चाकोरी दाबावी लागते. त्यातच जोडीच्या मध्ये दगड अडकला की दोन्ही टायरांच्या बाजूच्या भिंती खातो. सोव्हिएत कारखान्याने १९४८ पासून झिस-१५१ काढली, मागे जोडटायर लावून, आणि ती चिखलात युद्धकाळातल्या स्टुडबेकरपेक्षाही मागे पडू लागली. १९५८ च्या झिल-१५७ मध्ये त्यांनी सगळीकडे एकेरी मोठे टायर लावले, पुढची-मागची चाकोरी एक केली आणि केबिनमधून हवा कमी-जास्त करायची सोय दिली. इंजिन फारसं बदललं नव्हतं, तरी चिखलात ती गाडी दुसरीच झाली. अमेरिकेने गंमत म्हणजे त्याच सुमाराला एम-३४ हा एकेरी टायरांचा आणि एम-३५ हा जोडटायरांचा, असे दोन भाऊ काढले, आणि टिकला तो जोडटायरवाला. त्यांच्या गाड्यांना रस्ते जास्त मिळत होते, एवढाच त्याचा अर्थ.

हवेचं महत्त्व मी पुस्तकात शिकलो नाही. नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी आमची एक गाडी मऊ जमिनीत बसली. चाकं अर्धी आत, एक्सलच्या मधोमध असतो तो गिअरांचा, म्हणजे डिफरन्शिअलचा, गोळा चिखलावर टेकलेला. गोळा टेकला की संपलं. चाकावर वजनच उरत नाही, ती नुसती फिरतात. आम्ही तरणी पोरं फळ्या, दोर, फावडी घेऊन तासभर झटलो. उस्ताद आले, त्यांनी आधी सगळ्यांना बाजूला केलं, गोळ्याखालचा चिखल काढायला लावला आणि दहाही टायरांची हवा सोडायला सांगितली, दाब साधारण ७० पौंडांवरून २० पर्यंत. टायर खाली पसरले, जमिनीवरचा त्यांचा ठसा लांबला. मग पहिल्या लो गिअरमध्ये, अ‍ॅक्सिलरेटर जेमतेम दाबून, गाडी म्हशीसारखी हळूच उठून बाहेर आली. नंतर होजने दहा टायर भरायला जो वेळ लागला, त्यात मला कळलं की केबिनमधून हवा भरणारी यंत्रणा चैन नाही.

ही यंत्रणा सर्वांत आधी गाजली ती डीयूकेडब्ल्यू या पाण्यातही चालणाऱ्या अमेरिकी ट्रकावर, १९४२ मध्ये. पक्क्या रस्त्यावर ४० पौंड, किनाऱ्याच्या वाळूत १०-१२, आणि तेही चालत्या गाडीत. पण रस्त्यावरच्या ट्रकांसाठी अमेरिकेने ती जवळजवळ १९८० च्या दशकाअखेरीपर्यंत मनावर घेतली नाही. सोव्हिएत गाड्यांवर ती तोवर नेहमीची झाली होती.

गोळा टेकू नये म्हणून युरोपात दुसरे उपाय निघाले. युनिमोग या जर्मन ट्रकाने एक्सल चाकाच्या मध्यापेक्षा वर उचलला आणि हबमध्ये गिअर घालून फिरकी खाली चाकात आणली, त्यालाच पोर्टल एक्सल म्हणतात. चेक टाट्राने शिडीसारखी चॅसीच टाळली. मधोमध एक जाड नळी, तिच्या आतून शाफ्ट, आणि दोन्ही बाजूंना स्वतंत्र हलणारे अर्धे एक्सल. ही कल्पना १९२३ च्या छोट्या मोटारीतली. तीच पुढे आठ चाकांच्या जड ट्रकांत आली. दोन्ही गाड्या चढतात झकास. दुरुस्तीला मात्र हात स्वच्छ आणि डोकं थंड लागतं.

सगळी चाकं ओढणारी गाडी म्हणजे नुसता फायदाच, असाही समज असतो. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. मातीत चाक जरा घसरून तो फरक मिटवतं. डांबरावर घसरायला वाव नाही, मग तो पीळ शाफ्टमध्ये साठत जातो. एक नवखा ड्रायव्हर पुढचा एक्सल जोडलेलाच ठेवून डांबरावरून वीसेक किलोमीटर आला. लिव्हर दोघांनी ओढूनही निघेना. उस्तादांनी गाडी सरळ रेषेत चार-पाच मीटर रिव्हर्स घ्यायला लावली. आतून टण् असा आवाज झाला आणि लिव्हर दोन बोटांनी सुटला. नवीन गाड्यांत मधला डिफरन्शिअल असतो, हा त्रास गेला. अजून एक डिफरन्शिअल, अजून वजन.

इंजिनांचं थोडक्यात सांगतो. १९५० च्या दशकापर्यंत बहुतेक पेट्रोल होतं. मग हाताला लागेल ते इंधन चालायला हवं, अशी मागणी आली. जर्मन एमएएन कंपनीच्या एका पद्धतीत इंधन हवेत फवारण्याऐवजी पिस्टनच्या डोक्यातल्या गोल वाटीच्या भिंतीवर मारतात. तिथे त्याचा पातळ थर होतो आणि तो हळूहळू वाफ होऊन जळतो, त्यामुळे इंजिन ठोकत नाही आणि डिझेलपासून रॉकेलपर्यंत, अडीनडीला पेट्रोलही, पचवतं. एम-३५ च्या पुढच्या आवृत्तीत याच तत्त्वाचं मल्टिफ्युएल इंजिन आलं. कल्पना सुंदर होती, पण पुढे तिची गरजच कमी झाली, कारण नाटोने १९८० च्या दशकात रणगाड्यापासून विमानापर्यंत एकच इंधन, जेपी-८, असं ठरवलं. म्हणजे पुन्हा लिबर्टीचीच बुद्धी: गाडी सगळं पिते हे बरं, पण डेपोत एकच टाकी असणं त्याहून बरं. जेपी-८ डिझेलइतकं वंगण देत नाही, इंजेक्शन पंप लवकर झिजतात, ही त्याची किंमत.

यानंतरचा बदल सर्वांत महागडा ठरला: ड्रायव्हर वाचवणं. फार काळ ट्रक हे आघाडीच्या मागचं वाहन, त्याला चिलखत कशाला, असं गृहीत होतं. २ सप्टेंबर १९६७ रोजी व्हिएतनाममध्ये रूट १९ या रस्त्यावर एका अमेरिकी ताफ्यावर घात लावून हल्ला झाला आणि काही मिनिटांत तीसेक गाड्या निकामी झाल्या. तिथल्या ट्रान्सपोर्टवाल्यांनी वरच्या हुकमाची वाट न बघता एम-३५ च्या हौद्यात फळ्यांच्या दुहेरी भिंती करून मध्ये वाळूची पोती भरली आणि मशीनगन चढवल्या. पावसाळा आला, पोती भिजली, गाडी तिथल्या तिथे बसायला लागली. मग पोलादी पत्रे आले, आणि ते झेपायला पाच टनी गाडी. अडीच टनी चॅसीवर पाण्याने भिजलेल्या वाळूची भिंत उभी करणाऱ्याचं धाडस मला मान्य आहे, त्याच्या स्प्रिंगच्या पाट्यांचं काय झालं असेल ते विचारवत नाही.

अफगाणिस्तानात सोव्हिएतांना दुसरं दुखणं लागलं. त्यांचा गाझ-६६ चढाला-उताराला अप्रतिम ट्रक, पण केबिन इंजिनावर, ड्रायव्हर थेट पुढच्या चाकावर बसलेला. सुरुंग फुटतो तो पुढच्या चाकाखालीच. (शिवाय त्याचा गिअर लिव्हर ड्रायव्हरच्या मागच्या अंगाला! ज्याने ते डिझाइन केलं, त्याला महिनाभर ती गाडी चालवायला द्यायला हवी होती.) दक्षिण आफ्रिकेने १९७० च्या दशकात यावर तळ व्हीच्या आकाराचा करून स्फोट दोन्ही बाजूंना वळवायचा उपाय केला. त्यांची बफेल हे युनिमोगच्याच भागांवर उभं केलेलं वाहन होतं. इराकमध्ये २००३ नंतर अमेरिकी सैनिक भंगारातले पत्रे दारांना जोडत होते, तेव्हा हे सगळं धडे म्हणून आधीच उपलब्ध होतं.

त्यातून निघालेली तोड मला पटते. गाडी कारखान्यातूनच चिलखत झेपेल अशा पाट्या, एक्सल आणि बोल्टच्या जागा घेऊन येते. तो झाला ए-किट. खरं चिलखत, म्हणजे बी-किट, धोका असेल तिथेच चढवायचं. टनांत मोजायचं ते वजन शांततेत रोज वाहायला नको.

केबिन इंजिनावर का ठेवतात मग? लांबी. अमेरिकेचा एफएमटीव्ही हा ऑस्ट्रियाच्या स्टायर ट्रकावरून बेतलेला. १९९१ मध्ये कंत्राट, १९९६ पासून सैन्यात. तो सी-१३० या मालवाहू विमानात बसायला हवा होता. त्यातल्या अडीच टनी आणि पाच टनी गाड्यांचे ८० टक्क्यांच्या आसपास भाग सारखे, ही मात्र वर्कशॉपसाठी दिवाळीच. याच्या आधीच्या एम-९३९ ने ऑटोमॅटिक गिअर आणले, तेव्हा जुने ड्रायव्हर कुरकुरले, नवे दोन आठवड्यांत शिकले. तिचे एअर ब्रेक मात्र इतके कडक, की रिकामी गाडी ओल्या रस्त्यावर चाकं लॉक करून आडवी व्हायची. शेवटी चाकं लॉक होऊ न देणारं एबीएस बसवावं लागलं.

माल उतरवण्याकडे इतिहास लिहिणारे फारसं बघत नाहीत. ब्रिटिशांचा ड्रॉप्स आणि अमेरिकेचा दहा चाकी पीएलएस, हे दोन्ही ट्रक १९९० च्या दशकाच्या सुरुवातीचे. मागे हायड्रॉलिक आकडा, तो सबंध फलाटच मालासकट ओढून गाडीवर घेतो. ड्रायव्हर खाली न उतरता मिनिटांत माल ठेवून परत फिरतो. आधी त्याच कामाला फाळका पाडून दहा-बारा माणसं तासभर लागायची, आणि तेवढा वेळ गाडी एका जागी उभी, म्हणजे आयतं लक्ष्य. माझ्या मते चारही चाकं ओढायला लागली, त्यानंतरची सर्वांत मोठी सुधारणा हीच.

आता त्याच पीएलएसवर पुढच्या एका गाडीत ड्रायव्हर आणि मागच्या बिनड्रायव्हरच्या, अशा चाचण्या झाल्या आहेत. रस्त्यावर ते जमेल, यात मला शंका नाही. मऊ जमिनीचं वेगळं आहे. चाक फिरायला लागायच्या आधी इंजिनाचा आवाज किंचित जड होतो आणि मागचा भाग खाली बसल्यासारखा वाटतो. मुरलेला ड्रायव्हर तेवढ्यावर पाय काढतो आणि हवा कमी करतो. सेन्सरला कळतं ते चाक घसरल्यावर, आणि तोवर मागच्या गाड्याही त्याच चाकोरीत शिरलेल्या असतात. एका टायरचंच वजन शंभर किलोच्या वर. तो बदलायचा तर उतरवायला कप्पी आणि दोन माणसं लागतात. ती माणसं ताफ्यातल्या कुठल्या गाडीत बसवायची, हे अजून ठरायचं आहे.